टपाखालचं कापड

आज कुठे जायचं नाही. गाडी सावलीत उभी असू द्या, चारी काचा खाली करा, चावी खिशातच ठेवा आणि मागच्या सीटवर बसा. मुद्दाम मागच्या. पुढे बसलं की हात आपसूक स्टिअरिंगकडे जातो आणि मन रस्त्याला लागतं. मागे बसणाऱ्याला काही करायचं नसतं. पाठ टेकवा, मान सैल सोडा, डोकं जाईल तितकं मागे जाऊ द्या. श्वास आपल्या चालीने चालू द्या. आता डोळे वर.

डोक्यापासून वीतभर अंतरावर जे कापड आहे, त्याच्याकडे तुम्ही शेवटचं कधी पाहिलं होतं? गाडी धुताना बॉनेट पुसलं जातं, चाकं घासली जातात, सीटा झटकल्या जातात. छताचं अस्तर वर्षानुवर्षं डोक्यावर असून नजरेआड राहतं. ते लोंबून उंच माणसाच्या केसांना लागायला लागलं, आरशातून मागची काच अर्धीच दिसायला लागली, की मग त्याची आठवण होते. ते आता बदलायचं आहे. पण हात लावण्याआधी ते नीट बघायचं आहे, आणि हात लावतानाही बघणं सोडायचं नाही. गाडी दारात असेल तर तिच्यात बसून हे करा. नसेल तर डोळे मिटून करा. क्रम तोच आहे.

माझ्या डोळ्यांसमोर प्रीमिअर पद्मिनी आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि १९७४ मध्ये त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग बाक. मुंबईच्या दोन-तीन पिढ्या हिच्या मागच्या सीटवरून स्टेशनला, इस्पितळात, लग्नाला गेल्या. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्यात त्या कुणीतरी हौसेने किंवा वडिलांची म्हणून जपलेल्या आहेत. त्यांची इंजिनं पुन्हा बांधली गेली, रंग नवा झाला. छत बहुधा तसंच राहिलं.

बघत राहा. घाई नको.

मूळ रंग दिव्याच्या कडेला, जिथे झाकण टेकलेलं असतं, तिथे एक बारीक वर्तुळ राखून असेल. बाकी सगळीकडे धूर, धूळ आणि उन्हाने आणलेला पिवळेपणा. आडव्या शिवणी मोजा. प्रत्येक शिवणीच्या वर एक सळई आहे. एखाद्या शिवणीच्या लगत तपकिरी रेघ उमटली असेल, तर ती सळईचा गंज आहे, कापडातून खाली आलेला. मागच्या काचेच्या वर नजर न्या. झोळ बहुतेक तिथून सुरू होतो. तो कुठून सुटला, कुठपर्यंत उतरला, कोणत्या शिवणीने त्याला अडवलं, हे डोळ्यांनी चालत जाऊन पाहा.

आता एक हात वर करा आणि नखाने हलकी टिचकी मारा. आवाज बोदा येतो. कापड किंचित वर जातं आणि परत येतं. त्याच्या वर बोट-दोन बोटं पोकळी आहे आणि तिच्या वर लोखंडी पत्रा. टपाला कुठेही खिळा मारलेला नाही, गोंद लावलेला नाही. डावीकडून उजवीकडे कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी सळया दारांच्या वरच्या पट्टीतल्या भोकांत टेकवलेल्या आहेत. अस्तराच्या वरच्या अंगाला नेफे शिवलेले आहेत आणि प्रत्येक नेफ्यातून एक सळई गेलेली आहे. मधला सगळा भाग या सळयांवर तोललेला आहे, चारी कडा तेवढ्या ताणून चिकटवलेल्या आहेत. पद्मिनी काय, अ‍ॅम्बॅसेडर काय, त्या काळच्या गाड्यांची छतं अशीच टांगलेली असत.

ही पोकळी क्षणभर मनात धरा. वैशाखात पत्रा इतका तापतो की हात ठेववत नाही. ती उष्णता थेट डोक्यावर येत नाही ती या बोटभर हवेमुळे. आषाढात पत्र्यावर सरी कोसळतात आणि तरी मागच्या सीटवरचं बोलणं पुढे ऐकू येतं, तेही हिच्यामुळेच. वरचा पत्रा गाडीसाठी आहे. खालचं कापड माणसांसाठी.

ते जीर्ण का झालं, हेही समजून घ्या, म्हणजे काढताना त्याच्यावर राग निघणार नाही. अस्तराचं रेक्झिन मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. बंद गाडी उन्हात तापली की ते द्रव्य थोडं थोडं उडून जातं आणि काचेवर आतून जे चिकट धूसर पुट बसतं त्यात त्याचाही वाटा असतो. द्रव्य गेलं की रेक्झिन आक्रसतं, कडक होतं आणि शिवणीच्या भोकांतून फाटत जातं. सुती दोरा पावसाळी दमटपणाने आधीच कुजलेला असतो. कडेचं सोल्युशन वाळून भुकटी झालेलं असतं. सगळे एकाच सुमाराला दमतात.

आता उठा. पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायचं, कारण छतातल्या दिव्याची वायर पत्र्याजवळून जाते. मग सावलीच्या दोन पट्ट्या, आरसा, हातधरण्या, दिवा, दारांच्या चौकटीवरचं बीडिंग. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या डबीत ठेवा आणि डबीवर जागा लिहा. जुन्या गाडीत दोन स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीत फरक असतो आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर टपाला आतून फोड येतो. अस्तराची पुढची आणि मागची कड बहुतेक जुन्या गाड्यांत काचेच्या रबराखाली गेलेली असते, म्हणून काचा काढाव्या लागतात. पद्मिनीची पुढची काच आता सहज मिळत नाही. हे काम काचवाल्याकडून करून घ्या, तुम्ही शेजारी उभे राहून काच धरा. त्यात कमीपणा काही नाही.

कडा सोडवताना कापड ओढून फाडू नका. ते कितीही विटलेलं असो, तेच तुमचं माप आहे. बोटांनी कड उचला, जिथे अडेल तिथे थांबा, काय अडलंय ते पाहा. बारीक दातेरी पट्टी असेल, जुनी क्लिप असेल. ती सोडवा, मग पुढे.

मग सळया. इथे मी तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ घ्यायला सांगेन. एक टोक भोकातून सुटलं की दुसरं आपोआप येतं आणि सळई नेफ्यासकट हातात उतरते. ती लगेच ओढून बाजूला टाकायचा मोह होतो. थांबा. चिकटपट्टीचा तुकडा लावा, त्यावर आकडा लिहा आणि बाण काढा. बाणाचं टोक उजव्या दाराकडे. काही गाड्यांत एकाच सळईसाठी पट्टीत दोन-तीन भोकं असतात. ती कोणत्या भोकात होती तेही लिहा. मगच पुढची.

सगळ्या निघाल्या की फरशीवर क्रमाने मांडा आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसा. दुरून त्या एकसारख्या वाटतात. जरा वेळ गेला की फरक दिसायला लागतो. पुढची चपटी आहे, मधली जास्त उंच, मागची पुन्हा उतरती आणि खांद्याशी जास्त वळलेली. टपाची अख्खी गोलाई या वाकड्या रेघांत लिहून ठेवलेली आहे. दोघींची अदलाबदल झाली तर कितीही ताणा, एका जागी फुगवटा येणार आणि दुसरीकडे झोळ पडणार. मग दोष कापडाला दिला जातो. बोट एकीवरून टोकापासून टोकापर्यंत फिरवा. गंजाचा खरखरीतपणा लागेल तिथे पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साइडचा हात द्या, वाळू द्या. ती तपकिरी रेघ नव्या कापडावर उमटू नये म्हणून एवढं करायचं.

आता परत गाडीत या आणि मागे बसा. पुन्हा वर बघा.

उघडा पत्रा. कारखान्यात मारलेला पातळ रंग, वेल्डिंगचे ठिपके, आडवी पट्टी, एखाद्या ठिकाणी चिकटून राहिलेला नमदा. ही बाजू गाडी बनवणाऱ्यांनी पाहिली, आणि त्यानंतर आज तुम्ही पाहताय. गाडी उन्हात असेल तर टाळूला ऊब जाणवेल. हाताची मागची बाजू पत्र्याजवळ न्या, न टेकवता. अस्तर रोज काय अडवत होतं ते आता कळेल. बोलून पाहा, एखादा शब्द. आवाज पत्र्यावर आपटून कोरडा परत येतो. हे ऐका आणि लक्षात ठेवा, काम संपल्यावर ताडून बघायला उपयोगी पडेल.

मग गंज शोधा. पागोळीच्या पन्हाळीलगत, दिव्याच्या भोकाशी, काचेच्या कोपऱ्यांत तो असतोच. कुणाला तरी बाहेरून पाइपने पन्हाळीवर पाणी सोडायला सांगा आणि आतून टॉर्च लावून शांतपणे बघत राहा. थेंब कुठून आत येतो ते दिसेल. तो खाली पडतो तिथे भोक नसतं, पत्र्यावरून तो वीत-दीड वीत चालत आलेला असतो. त्याच्या वाटेने उलट जा. भोक बुजवलं, गंज तारेच्या ब्रशने काढला, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, ते पूर्ण वाळले, की मगच पुढचं. ओल्या पत्र्याखाली नवं अस्तर ताणणं म्हणजे पैसे पाण्यात.

पत्र्याला आतून पूर्वी तागाचा नमदा लावत. आता बंद पेशींचा फोम मिळतो. आपल्या पावसात तोच बरा, कारण साधा फोम पाणी धरून ठेवतो. पातळ लावा. पोकळी भरून काढू नका. कापड आणि फोम एकमेकांना टेकता कामा नयेत.

कापड कोणतं घ्यावं यावर माझं मत ठाम आहे: फिकट. पद्मिनी आतून लहान गाडी आहे. काळं किंवा गडद तपकिरी छत तिला आणखी खाली आणतं आणि दिवा लावला तरी उजेड परत देत नाही. साई किंवा मळकट पांढरं, बारीक पोताचं रेक्झिन, मूळच्या जवळ जाणारं. ज्यांना छापील हवं त्यांनी जरूर छापील लावावं, कारण त्यालाही मुंबईत परंपरा आहे. टॅक्सीवाले छताला फुलांचं, वेलबुट्टीचं कापड लावून घेत. २०१५ मध्ये टॅक्सी फॅब्रिक नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि तरुण डिझायनरांनी काढलेली चित्रं टॅक्सीच्या सीटांवर आणि छतांवर आली. त्याची वाहवा झाली, आणि ती योग्यच होती. मला मात्र त्याआधीच्या, नाव नसलेल्या फुलांबद्दल जास्त वाटतं. गाडी चालवणाऱ्याची नजर दिवसभर समोर. मागचं छत त्याला दिसतच नाही. तरी स्वतःच्या कमाईतून त्याने तिथे फुलं लावली, सिग्नलला अडकून मान मागे टाकणाऱ्या कुणा अनोळखी माणसासाठी. कापड निवडताना ही गोष्ट जरा वेळ मनात राहू द्या. तुमच्या मागे कोण बसणार आहे? आई असेल, नातवंडं असतील. त्यांच्या जागेवर बसून, त्यांच्या उंचीवरून कापडाचा तुकडा वर धरून बघा.

जुनं अस्तर आता स्वच्छ फरशीवर उलटं पसरा. शिवणी ब्लेडने उसवा, प्रत्येक पट्टीवर खडूने आकडा घाला आणि मध्यरेषेवर खूण करा. जुनं कापड आक्रसलेलं आहे हे विसरू नका. त्याच्या मापाबरहुकूम कापलं तर नवं कमी पडेल. कडांना चार-चार बोटं माया जास्त ठेवा. मधल्या शिवणी मात्र जुन्या शिवणीवरच यायला हव्यात, कारण सळया हलणार नाहीत. सगळ्या पट्ट्यांची दिशा एकच असू द्या, नाहीतर एक जास्त ताणली जाईल आणि शेजारची कमी. नेफा सळईपेक्षा किंचित सैल शिवा. शिवणकाम घरच्या मशीनवर होईल की नाही ते रेक्झिनच्या जाडीवर आहे. जाड असेल तर कुशनवाल्याकडे न्या. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, सुती नको.

हे काम थंडी सरताना करावं. पावसाळ्यात सोल्युशनवर दमट हवेचं पाणी धरतं आणि पकड कच्ची राहते. ऐन थंडीत रेक्झिन ताठ असतं. माघातलं कोवळं ऊन उत्तम. शिवून झालेलं अस्तर तासभर उन्हात पसरून ठेवा, ते सैलावेल, घडीच्या रेघा जातील.

आता चढवायचं. त्याआधी हात धुवा. साई रंगाच्या रेक्झिनवर ग्रीसचं एक बोट कायमचं राहतं. पुढच्या आणि मागच्या पट्टीचा मध्य मोजून पत्र्यावर खडूची रेघ ओढा. सळया आपापल्या नेफ्यात सरकवा, आकडे पाहा, बाण पाहा. अस्तर घडीसारखं उचलून आत न्या आणि मागची सळई आधी भोकांत बसवा, मग तिच्या पुढची, मग तिच्या पुढची. शेवटची बसली की कापड वर राहील, सैल, पण आपल्या जागी. खाली या. पाणी प्या. हे सैल कापड थोडा वेळ तसंच असू द्या. अजून कुठेही चिकटवलेलं नाही, ओढलेलं नाही. मधल्या रेघा जुळतात का तेवढं पाहा.

इथून पुढे तुमच्या शरीराकडे लक्ष ठेवा, कारण कापडावर पडणारा ताण तिथूनच येणार आहे. हात वर राहिले की खांदे कानांकडे सरकतात. ते खाली सोडा. दात आवळले असतील तर जबडा सैल करा. दमलेला हात झटक्याने ओढतो आणि झटक्याने ओढलेली जागा नेहमी वेगळी दिसते. कापड चिमटीत न धरता सगळ्या बोटांनी धरा. श्वास सोडताना ओढा, हळू, जितकं येईल तितकंच. मग कपड्यांचे चिमटे लावून सोडून द्या.

पुढे मधोमध एक चिमटा. मग थेट मागे मधोमध. पुन्हा पुढे, मध्यापासून वीतभर डावीकडे, मागे त्याच्यासमोर, मग उजवीकडे तसंच. डाव्या दारावर मध्य, उजव्या दारावर मध्य. तबला लावणारा एका घरावर हातोडी मारून समोरच्या घरावर जातो, ओळीने फिरत नाही, तसं. एका बाजूची अख्खी कड आधी ओढून चिकटवली, तर उरलेला सगळा झोळ दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि मग तो कुणालाच निघत नाही.

फेरी पूर्ण झाली की मागच्या सीटवर बसा आणि वर बघा. सुरकुत्या दिसतील. दिसू द्या. प्रत्येक सुरकुती एका दिशेने बोट दाखवते. तिच्या दोन टोकांपैकी एका टोकाला ताण जास्त आहे किंवा आडव्या बाजूला कमी आहे. एक निवडा. तिच्यावर नजर ठेवा आणि मनातल्या मनात ठरवा, कोणता चिमटा सैल करायचा, कोणता अर्धं बोट पुढे न्यायचा. उठून तेवढंच करा. परत बसा. बघा. बहुतेक वेळा उत्तर आणखी ओढण्यात नसून कुठेतरी सोडण्यात असतं.

दारांच्या वर, कडेपासून वीतभर आत, सळईच्या टोकाशी काही आखूड चुण्या राहतात. त्या ओढून जात नाहीत. जितकं ओढाल तितक्या खोल होतात. तिथे कान आणि बोट लावून समजून घ्या काय होतंय ते. नेफा सळईच्या टोकापर्यंत शिवलेला आहे. कापडाला तिथे खाली वळून चौकटीकडे जायचं आहे आणि नेफा त्याला सळईशी धरून ठेवतोय. कडेचे दोन चिमटे काढा, कापड खाली सोडा, आत हात घाला. बोटांना नेफ्याचं टोक लागेल. कात्रीची फक्त टोकं वापरून, छताच्या कापडाला न लावता, नेफ्याचं फक्त अर्धं बोट कापा. परत ताणून चिमटे लावा. चुणी थोडी उथळ झालेली दिसेल. पुन्हा काढा, पुन्हा अर्धं बोट. मध्येच एका कापाला कापड एकदम सुटतं आणि सळईवरून खाली सपाट उतरतं. हातालाही ते कळतं. तिथेच थांबायचं. आणखी कापलं तर सळईचं टोक उघडं पडून कापडाला टोचेल. प्रत्येक सळईच्या दोन्ही टोकांना हेच करायचं आहे, आणि प्रत्येक टोक वेगळ्या जागी सुटणार आहे. एकीचं माप दुसरीला लावू नका. या कामाला मोठा वेळ जातो आणि जायलाच हवा. छत चांगलं झालं की नाही ते इथेच ठरतं.

आता कडा. काम रबराच्या सोल्युशनने करायचं, फेव्हिकॉल एसआरसारख्या. लाकूडकामाचं पांढरं फेव्हिकॉल इथे चालत नाही. चारी दारं उघडी ठेवा, जवळपास विडी-काडी नको, वास डोक्यात जातो म्हणून मध्ये मध्ये बाहेर या. हातभर कडेचे चिमटे काढा. पत्र्याच्या चौकटीला पातळ थर, कापडाच्या कडेला पातळ थर. आणि मग काही करू नका.

हे थांबणं या मननाचा गाभा आहे, म्हणून त्याला घाई करू नका. सोल्युशन ओलं असताना चिकटेलसं वाटतं, पण त्यातलं पातळ करणारं द्रव्य अजून आत असतं. तसंच दाबलं तर ते कोंडून राहतं, आणि पहिल्या कडक उन्हात फुगून कड सुटते. हात मांडीवर ठेवा. श्वास मोजा किंवा मोजू नका. थराची चमक हळूहळू मंद होत जाते ती बघा. आधी कडांना, मग मध्ये. थोड्या वेळाने बोटाचं पेर मागच्या बाजूने टेकवा. तार निघाली तर अजून नाही. पुन्हा थांबा. पेर कोरडं उचललं गेलं, नुसती ओढ जाणवली, की वेळ झाली. कापड जिथे चिमटे होते त्याच खुणेला न्या आणि दाबा. आता ते हलणार नाही, म्हणून टेकवण्याआधी जागा पक्की करा. मग पुढचा हात. पुन्हा पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, त्याच क्रमाने.

सगळ्या कडा बसल्यावर उरलेली माया कापा, बीडिंग दाबून बसवा. दिव्याची जागा बोटांनी चाचपून शोधा आणि तिथे फुलीचा लहान छेद द्या, भोकापेक्षा लहान; दिव्याचं झाकण बाकीचं झाकून घेतं. हातधरण्यांचे स्क्रू, सावलीच्या पट्ट्या, आरसा, आणि काचवाल्याला बोलावून काचा. ज्या बारीक लाटा अजून राहिल्या असतील त्यांच्या मागे लागू नका. गाडी काचा चार बोटं उघड्या ठेवून उन्हात उभी करा. दोन-तीन दिवसांच्या उन्हाने त्यातल्या बऱ्याच आपोआप बसतात. नंतर उरल्याच तर केस वाळवायच्या यंत्राने लांबून ऊब द्या.

अलीकडच्या गाड्यांचं थोडक्यात सांगतो. त्यांत सळया नसतात. दाबून घडवलेला पुठ्ठ्यासारखा साचा असतो आणि त्यावर फोम लावलेलं कापड चिकटवलेलं असतं. काही वर्षांनी फोमची भुकटी होते आणि कापड सुटून लोंबतं. टाचण्या, पिळाच्या पिना, स्टेपलर, सुईने आत भरलेलं सोल्युशन, यातलं काहीही टिकत नाही, कारण ज्याला चिकटायचं तो फोमच उरलेला नसतो. साचा न वाकवता बाहेर काढावा, तोंडाला फडकं बांधून जुनी भुकटी मऊ ब्रशने पूर्ण झाडावी आणि फोमचं नवं कापड मध्यापासून कडेकडे हाताने बसवत जावं. खोलगट जागी कापड आधी खोलात टेकवावं, मग पुढे.

परत मागच्या सीटवर. शेवटचं. एखादा शब्द बोला आणि उघड्या पत्र्याखाली बोललेला तोच शब्द आठवा. फरक ऐका. मग डोळे पुढून मागे, शिवणीवरून शिवणीवर, सावकाश चालू द्या. चुका शोधू नका. नजर कुठे अडते का एवढंच पाहा.

एवढं वाचून कुणाला वाटेल, आपल्याच्याने हे होणार नाही. मान दुखते, खांदे भरून येतात, आणि पद्मिनी एकच आहे. मग कुशनवाल्याकडे द्या, पण असा शोधा ज्याने सळयांची छतं बसवलेली आहेत. नव्या गाड्यांच्या सीट कव्हरांवर हात बसलेल्याला नेफा कुठे कापायचा हे माहीत असेलच असं नाही. गाडी सोडून निघून जाऊ नका. स्टूल घेऊन शेजारी बसा, चिमटे हातात द्या, सळयांचे आकडे तुम्ही लिहा. दिवसभर हात डोक्यावर धरून काम करणारा माणूस संध्याकाळी जी मजुरी सांगेल ती घासाघीस न करता द्या. आणि जुनं अस्तर त्याच्या दुकानात टाकून येऊ नका. गुंडाळून, वर साल लिहून घरी ठेवा. पद्मिनीच्या छताचं तयार माप आता दुकानात सहज मिळत नाही.